शमीमच्या शेजारची खुर्ची

शमीम खरं बोलत होती आणि गावातल्या एकाही शहाण्याने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. संताप येतो, म्हणून सांगायचं.

एका गावात ओढ्याच्या अलीकडे आळी होती, पलीकडे मोहल्ला. मोठी माणसं एकमेकांच्या दारात पाणीसुद्धा पीत नसत. ऑगस्टिन मास्तरांनी दोन्हीकडची पोरं गोळा केली, हातात व्हायोलिनं दिली आणि सिंफनी शिकवली. सिंफनी म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायची लांबलचक विलायती रचना. एकट्याचा तोरा तिथे चालत नाही.

वाजवायची रीत अशी, की दोघांत एक स्टँड आणि सुरांचे कागदही दोघांत एकच. पान संपलं की एकाने थांबून ते उलटायचं, दुसऱ्याने वाजवत राहायचं. उलटायचं काम आळीच्या पोरांकडे, वाजवत राहायचं मोहल्ल्याच्या. आळीतली वेणू उलटायची, शमीम वाजवत राहायची. दोघींचं छान जमलं होतं.

जत्रेत पोरांचा कार्यक्रम ठरला. सरपंच दिगंबर पाटील, म्हणजे वेणूचा सख्खा काका, मांडवात आला आणि म्हणाला, "आळीची पोरं इकडे, मोहल्ल्याची तिकडे. पाहुण्यांना दोन्ही समाज वेगवेगळे दिसू देत, मग एकी उठून दिसेल."

"जोड्या मोडू नका, पाटील," मास्तर म्हणाले.

"तुम्ही काठी हलवा, मास्तर. गाव मी चालवतो."

झालं! पहिलं पान संपलं. आळीच्या स्टँडवर दोघंही थांबले आणि एकाच पानाला झोंबले. मोहल्ल्याकडे कुणीच पान उलटलं नाही. सगळं बोंबललं. लोक खिदळले.

पाटील गरजला, "मोहल्ल्याने मुद्दाम घात केला! ती पुढची शमीम बघा. काढून घ्या तिचं व्हायोलिन!"

"पान वेणू उलटते. तिला तिकडे नेलं," शमीम रडत म्हणाली.

"खोटारडी!" सगळे तिच्यावरच ओरडले. मोहल्ल्यातले बाप्येसुद्धा माना खाली घालून बसले. लाज नाही वाटली!

वेणू उठली. आई तिचा फ्रॉक ओढत होती, "गप बस गं, काका आहेत."

"असू देत. काका, तिचं काढताय ना? मग माझंही घ्या. पण तिच्या शेजारून मला कुणी उठवलं, ते आधी सांगा."

वेणूने खुर्ची उचलली आणि शमीमजवळ नेऊन आदळली. मग एकेक पोर उठलं आणि आपापल्या जोडीदाराशेजारी जाऊन बसलं.

तात्पर्य: पोरं आपसांत फूट पाडत नाहीत, त्यांना वेगळं बसवणारा पाडतो, म्हणून पोरांना बोल लावू नका, त्या माणसाचं नाव चारचौघांत घ्या. इथे ते नाव आहे दिगंबर पाटील.