उसना बिल्ला

देवाच्या कृपेची गोष्ट सांगायची तर आधी गाव सांगावं, म्हणजे ऐकणाऱ्याचे पाय जमिनीवर राहतात. ही गोष्ट धामणगव्हाणची. गोदाकाठापासून आत, काळ्या रानातलं लहानसं गाव. गावाच्या एका अंगाला ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या तोंडाशी मातीच्या भिंतींचं कौलारू प्रार्थनामंदिर. त्या उन्हाळ्यात शरणदास महाराज तिथे मुक्कामाला होते. महाराजांना स्वतःचं घर नव्हतं. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी आणि मुखी प्रभू येशूचं नाव, एवढाच त्यांचा संसार. जिथे माणसं आजारी, तिथे महाराज. त्या वर्षी पुन्हा पटकीची साथ आली होती, म्हणून महाराजही आले होते.

धामणगव्हाणच्या मंडळीत एक चाल होती. पाळकसाहेब लांबून घोड्यावर यायचे, तेव्हाच काय ते प्रभुभोजन व्हायचं. प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, तो हा विधी. आदल्या दिवशी मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे पंच, एकेकाला बोलावून त्याच्या वागणुकीची चौकशी करत. जो लायक ठरेल त्याच्या हातावर शिशाचा एक बिल्ला ठेवत. दुसऱ्या दिवशी दारात बिल्ला दाखवायचा, तरच आत प्रवेश. ही चाल कोणी घातली कोण जाणे. हेतू चांगलाच असेल. पण होता होता लोकांना वाटू लागलं, की बिल्ला मिळाला म्हणजे तारण मिळालं, आणि नाही मिळाला म्हणजे स्वर्गाचं दार बंद. साथीच्या दिवसांत तर चौकशीच्या आदल्या रात्री लोक झोपत नसत.

तेव्हाचे वडील होते शमुवेलराव. शाळामास्तर म्हणून हयात घालवलेला, ताठ मानेचा, स्वच्छ धोतराचा माणूस. खोटं कशाला बोला, माणूस खराच चांगला! मागच्या साथीत सगळी वस्ती दारं लावून बसली होती, तेव्हा हेच एकटे घरोघर फिरले. आजाऱ्यांना पाणी पाजलं, प्रेतांना मूठमाती दिली. एवढंच, की ते स्वतः ही गोष्ट विसरले नव्हते आणि दुसऱ्या कोणाला विसरूही देत नव्हते.

आणि होता गेनबा. अंबाडीचे दोरखंड वळून पोट भरणारा, बोलताना खाली बघणारा. त्याच मागच्या साथीत त्याचा धाकटा भाऊ लिंबाजी पडला. ‘दादा, पानी दे,’ म्हणून तो हाका मारत होता, आणि गेनबा भीतीने रान धरून पळाला. साथ ओसरल्यावर परत आला, तेव्हा लिंबाजीला शमुवेलरावांनी पुरलेलं होतं. तेव्हापासून गेनबा प्रार्थनेला यायचा तो भिंतीच्या कडेला बसायचा, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना दर वेळी थांबायचा.

त्या शनिवारी चौकशीला गेनबाही गेला. शमुवेलरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

“गेनबा, तुझ्या भावाचं तोंड शेवटी कोणी ओलं केलं?”

“तुमी, वडील.”

“आणि तू कुठे होतास?”

ओसरीवर बसलेल्या दोघातिघांना हसू आवरेना. “दोरखंड वळणाऱ्यानं सोताच दावं तोडलं की!” कोणीतरी म्हणालं. शमुवेलराव हसले नाहीत. त्यांनी फक्त बिल्ल्यांची पिशवी गेनबासमोर आवळून बांधली, आणि पुढच्याला हाक मारली.

गेनबा थेट महाराजांच्या घोंगडीपाशी येऊन बसला. “म्हाराज, खालच्या वाडीत दोघं पडल्यात. उद्या म्या पडलो तर? बिल्ल्याबिगर मेलो तर देवाला काय तोंड दावू? वडील खोटं न्हाई बोलले. म्या पळालोच व्हतो.”

“पळाला होतास,” महाराज म्हणाले. त्यांनी उगाच समजूत घातली नाही. मग सकाळीच वडिलांनी दिलेला आपला बिल्ला घोंगडीच्या गाठीतून सोडून त्यांनी गेनबाच्या मुठीत ठेवला. “हा घे, आणि उद्या आत जा.”

“आन् तुमी?”

“मी बाहेर बसेन.”

“न्हाई म्हाराज! ह्यो तुमच्या पुण्याचा हाय.”

“वेड्या, माझ्या पुण्याचा असता तर मी तो जपून ठेवला असता. मला ज्या प्रभूनं आत घेतलं, तो माझ्याऐवजी वेशीबाहेर क्रुसावर गेला होता. जा, घरी जाऊन नीज.”

गेनबाला कसली झोप! बिल्ला मुठीत घट्ट धरून तो कुशी बदलत राहिला. आपण चोरी करतोय की काय, असंच त्याला वाटत होतं.

रविवारी सकाळी शमुवेलराव दारात उभे होते. गेनबाने बिल्ला पुढे केला. शमुवेलरावांच्या भुवया वर गेल्या. पण बिल्ला तर खराच होता. मागून महाराज आले, त्यांचे हात रिकामे.

“महाराज, आपला बिल्ला?”

“दिला.”

शमुवेलरावांना सगळं समजलं. त्यांचा चेहरा लाल झाला. “नियम सर्वांना सारखा, महाराज. आपल्याला आत घेता येणार नाही. आणि गेनबा, तुला अडवता येत नाही, जा आत. पण एक सांगून ठेवतो, बिल्ला उसना मिळतो, लायकी उसनी मिळत नाही!”

लोकांत खसखस पिकली. महाराजांनी वडिलांना नमस्कार केला आणि ते समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. लिंबाच्या फांद्या शेरडांसाठी तोडलेल्या, सावली नावाचीच. गेनबाच्या हातात भाकरीचा तुकडा आला, तेव्हा त्याला खिडकीतून महाराज दिसत होते. ऊन डोक्यावर घेऊन, डोळे मिटून, ओठांनी काही पुटपुटत बसलेले. आपली जागा बाहेर, आणि बसलंय कोण! त्याला रडू कोसळलं. त्याच रडण्यात त्याने तो घास गिळला.

उपासना संपली. पाळकसाहेब पुढच्या गावाला निघून गेले, महाराज खालच्या वाडीतल्या आजाऱ्यांकडे गेले. दुपार टळत आली तेव्हा वस्तीत ओरड झाली, “वडील पडले! पटकी!”

शमुवेलरावांच्या घरात त्या वेळी कोणी नव्हतं. साथीच्या भीतीने मुलगा बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला गेला होता. आणि बघा माणसाची जात! ज्यांच्या घरी शमुवेलरावांनी पाणी पाजलं होतं, त्यांनीच पटापट कड्या लावून घेतल्या. गेनबा दोरखंडाचा भारा घेऊन तिकडूनच चालला होता. उघड्या दारातून हाक आली, “कोणी आहे का? पाणी... पाणी द्या रे कोणी!”

तीच हाक. तोच आवाज ओढल्यासारखा, तोच वास. गेनबा उंबऱ्यापर्यंत गेला. आत बाजेवर शमुवेलराव पडलेले, डोळे खोल गेलेले. त्याने भारा टाकला आणि तो पळाला. हो, पुन्हा पळाला! सकाळीच प्रभूच्या मेजावरून उठलेला माणूस, महाराजांचा बिल्ला कनवटीला, आणि वाऱ्यासारखा पळत सुटला.

ओढ्याच्या पलीकडे, खालच्या वाडीहून परतणारे महाराज समोर आले. गेनबाने त्यांच्यापुढे वाळूत अंग टाकलं.

“म्हाराज, म्या पुन्यांदा पळालो! वडील पानी मागत व्हते, आन् म्या... समदं फुकट गेलं. तुमचा बिल्ला फुकट, सकाळचा घास फुकट. ह्यो घ्या तुमचा बिल्ला, मला न्हाई सोबत!”

महाराजांनी बिल्ला घेतला नाही. ते वाळूत त्याच्या शेजारी बसले.

“गेनबा, सकाळी तो घास तुला कशासाठी वाढला होता? तू शूर आहेस म्हणून?”

“न्हाई.”

“तू पुढे शूर होशील म्हणून?”

गेनबाने बिल्ला पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

“तू सकाळी जेवलास तेव्हा तू दुपारी पळणार आहेस, हे प्रभूला ठाऊक नव्हतं होय रे? ठाऊक असून त्यानं वाढलं. त्यानं तुला नीतिमान धरलं ते तुझ्या पायांकडे बघून नाही. तो पित्याच्या आज्ञेत मरणापर्यंत उभा राहिला, एक पाऊल मागे घेतलं नाही. ते त्याचं उभं राहणं तुझं म्हणून धरलंय. आज दुपारीही धरलंय. आता चल, त्या म्हाताऱ्याला पाणी पाजू.”

“माझं पाय माघारी वळत्यात, म्हाराज.”

“वळू देत. माझा हात धर.”

असे ते दोघे परत आले. उंबऱ्यावर गेनबा पुन्हा थबकला. महाराजांनी त्याला ओढलं नाही, फक्त हात सोडला नाही. मग आत शिरून गेनबाने चूल पेटवली, तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं आणि वाटी घेऊन तो बाजेशी बसला. एक घोट गेला की दोन घोट उलटून यायचे. गेनबा पुसायचा आणि पुन्हा वाटी पुढे करायचा. त्याचे दात वाजत होते, पण तो बसून होता.

दिवस मावळायला आला. शमुवेलरावांचे हातपाय बर्फ झाले. नाडी सापडेना. त्यांनी महाराजांकडे डोळे वळवले. त्या डोळ्यांत इतकी भीती होती, की पाहणाऱ्याचं काळीज हलावं.

“महाराज, मी किती जणांना पाणी पाजलं. किती जणांना माती दिली. प्रार्थना कधी चुकवली नाही. ते सगळं... पुरेल ना?”

तुम्ही-आम्ही असतो तर ‘पुरेल हो, पुरेल,’ म्हणून मोकळे झालो असतो. मरणाऱ्याला दुसरं काय सांगणार! पण महाराज म्हणाले, “नाही, शमुवेलराव. पुरणार नाही.”

शमुवेलराव फार हळू म्हणाले, “मला ठाऊक होतं. पाणी पाजताना दर वेळी मी मागे वळून बघायचो... कोणी बघतंय का. लिंबाजीच्या वेळी सुद्धा. मग मी काय घेऊन जाऊ, महाराज? माझ्याकडे दुसरं काहीच नाही.”

“काही घेऊन जायचं नाही. प्रभू आपलं निष्कलंक आयुष्य स्वतःसाठी नाही जगला. आपलं पाप त्यानं स्वतःच्या माथी घेतलं, आणि त्याचं नीतिमत्त्व आपल्याला पांघरायला दिलं. पिता पांघरलेल्याकडे बघतो, तेव्हा त्याला आपला पुत्र दिसतो. लायकी उसनीच मिळते, शमुवेलराव. दुसरी असतच नाही.”

शमुवेलरावांनी डोळे मिटले. दोन्ही बाजूंनी पाणी ओघळलं. ओठ हलले, “मग मलाही दे, प्रभू. मलाही उसनीच दे.”

महाराज गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. गेनबाने पुन्हा वाटी पुढे केली. शमुवेलरावांनी डोळे उघडले, आणि ते बघतच राहिले. वाटी धरलेल्या हाताच्या मधोमध खिळ्याचा आरपार घाव होता! ताजा, ओला. त्यांनी नजर वर नेली. चेहरा गेनबाचाच, घाबरलेला, नाक वाहणारा, रडून सुजलेला. पुन्हा हाताकडे पाहिलं. घाव तसाच. “प्रभू!” असं म्हणून त्यांनी त्या हाताला ओठ लावले आणि पेज घटाघटा प्यायले. या खेपेला एक थेंबही उलटला नाही.

गेनबाला मात्र काहीच दिसलं नव्हतं. त्याला आपला तोच हात दिसत होता, दोरखंडांनी घट्टे पडलेला. घरात दिवा लागला तेव्हा महाराजांनी मनगट चाचपलं. नाडी लागत होती. हात ऊबदार झाले होते. धन्य तो प्रभू!

सकाळी वस्तीतली माणसं एकेक करून दाराशी गोळा झाली. शरमलेली, आत यायला कचरणारी. शमुवेलरावांना उठून बसवत नव्हतं. तरी ते बाजेवरून खाली घसरले, जमिनीवरून सरपटत पुढे झाले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी गेनबाच्या पायांवर डोकं ठेवलं.

गेनबाने विंचू चावल्यासारखे पाय मागे घेतले. “आवं वडील, काय करता! तुमाला ठाव न्हाई. काल तुमी हाक मारत व्हते तवा म्या दारात आलतो. आन् पळालो! म्या पुन्यांदा पळालो, वडील!”

शमुवेलरावांनी डोकं उचललं नाही.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “बाजेवरून तुझी पाठ दिसली होती. पाठ तुझीच होती, गेनबा. पण मला पाजणारे हात कोणाचे होते, तेवढं सांग.”

गेनबा आपल्या हातांकडे बघत उभा राहिला. आणि शरणदास महाराज, ज्यांच्या पाया सारी वस्ती पडायची, ते हळूच खाली बसले आणि त्यांनी शमुवेलरावांच्या शेजारी, गेनबासमोर, आपलंही डोकं जमिनीला टेकलं.