मॉर्डेनचं स्थळ

इचलकरंजीच्या अलीकडच्या एका गावात बाळगोंडा नावाचा माणूस राहायचा. भोळा किती, तर आई "दुधाकडं बघ" म्हणाली की दूध उतू जाईपर्यंत बघायचा, आणि उतू गेल्यावरही बघत राहायचा. आईनं झापलं तर म्हणायचा, "बघतोय की."

ह्याला नोकरी कोण देणार, असं सगळं गाव म्हणायचं. पण कामाला माणूस मिळेनासा झाला की भोळ्याचंही नशीब उघडतं. एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडात प्रणोती मगदूम नावाच्या बाईंनी कम्प्युटरवरचे खेळ तयार करायचं काम सुरू केलं होतं. त्यांनी बाळगोंडाला ठेवून घेतलं आणि कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: तात्पुरती नेमणूक.

बाळगोंडाच्या मामांची, भूपाल खोतांची, मुलगी त्रिशला. लहानपणापासून दोघांचं ठरल्यात जमा होतं. त्रिशलाला बाळगोंडा आवडायचा, कारण त्याला खोटं बोलता येत नसे. पण मामांना चारचौघात उत्तर देता येईना. भाचा करतो काय? खेळ बनवतो. म्हणजे काय करतो? शेवटी मामांनी देवासमोर शब्द दिला, "खेळाच्या शेवटाला पडद्यावर नावं येत्यात म्हनं. तितं ज्याचं नाव येईल, त्यालाच माझी पोरगी."

झालं. बाळगोंडाला आयुष्यात एवढंच हवं होतं. पडद्यावर नाव, घरात त्रिशला.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्याला कम्प्युटरपुढं बसवलं. "हे मॉर्डेन. खेळ घडवायचं तयार इंजिन. ते विमानांचं युद्ध गाजलं ना, ते मॉर्डेनचं. तो भुताच्या वाड्याचा खेळ, पोरं जेवण सोडून खेळतात तो शेतीचा खेळ, सगळे मॉर्डेननंच केलेत. आपण नुसतं सांगायचं, करतो सगळं तो. आणि मधेमधे विचारेल, 'पुढे जायचं का?' तिथं 'होय' दाबायचं. विचार करत बसायचं नाही."

बाळगोंडानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. आता चूक व्हायचं काही कारण नव्हतं.

खेळ साधा होता. एक धनगर साठ मेंढरं घेऊन नदीपलीकडं जातो आणि मागं लांडगा लागतो. मॅडम म्हणाल्या, "आधी जमीन कर." बाळगोंडानं हिरवीगार जमीन केली. धनगरानं तिच्यावर पाय ठेवला आणि जमिनीतून आरपार खाली गेला. मेंढरांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं गेलं तसं मागची एकोणसाठ गेली.

"अरे, जमीन टणक आहे हे मॉर्डेनला सांगावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "टणक अशी खूण करायची."

"हे आदी सांगायचं न्हाई व्हय," बाळगोंडा म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं. आता चूक व्हायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नदी, झाडं, झोपडी आणि चुलीचा धूर करायचा होता. त्यानं सगळं टणक केलं. मेंढरं नदीवरून टकटक चालत गेली. धनगराला झोपडीत शिरता येईना, कारण दारही टणक. वळून निघाला तर चुलीच्या धुरावर कपाळ आपटून आडवा झाला.

मॅडमनी डोकं धरलं. "ज्यातून कुणी जातं, ते मऊ ठेवायचं. पाणी, धूर, दार. जायला वाट द्यायची."

"हे आदी सांगायचं न्हाई व्हय."

तिसऱ्या दिवशी लांडगा आला. लांडगा कळपातून जातो, असं मॅडमच्या कागदावर लिहिलं होतं. ज्यातून कुणी जातं ते मऊ. बाळगोंडानं साठच्या साठ मेंढरं मऊ केली. लांडगा मोठ्या आवेशानं कळपात शिरला, सगळ्या मेंढरांतून आरपार गेला आणि पलीकडं उपाशीच बाहेर पडला. असं तो दिवसभर येत-जात राहिला. शेवटी शेवटी बाळगोंडाला त्याची दया आली.

तेही निस्तरलं. मग मशीन जड झालं, खेळ अडखळायला लागला. मॅडम म्हणाल्या, "खेळणाऱ्याला जे दिसत नाही ते काढून टाक. मशीन हलकं होतं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम खेळायला बसल्या. धनगर निघाला, मेंढरं निघाली, नदी ओलांडली, पलीकडं जाऊन चरायला लागली. कुणी आडवं आलं नाही.

"लांडगा कुठाय?"

"झुडपामागं लपला होता, मॅडम. दिसत नव्हता. काढला."

प्रणोतीबाईंनी कॅलेंडर बघितलं. पाच दिवसांवर कोल्हापूरचं कम्प्युटर-खेळांचं प्रदर्शन आलं होतं, तिथं बक्षीसही होतं. एवढ्यात त्यांना फोन आला आणि त्यांनी नेहमीचंच सांगितलं, "हो गं, मी इथं तात्पुरतीच आहे. पुण्याला जाणार मी." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बाळगोंडा, नीट ऐक. लांडगा परत ठेव. फक्त तात्पुरतं असेल तेच काढायचं. ज्याची जागा पुढं दुसरं कुणी घेणार, ते तात्पुरतं. खेळ प्रदर्शनाला जायच्या आधी त्यातलं सगळं तात्पुरतं गेलं पाहिजे. एकही राहता कामा नये."

"हे आदी सांगायचं न्हाई व्हय," बाळगोंडा म्हणाला.

त्यानं लांडगा परत ठेवला. मेंढरांच्या जागी आधी उभे केलेले पांढरे खोके काढले. मग शेवटची नावांची पाटी आली. सगळ्यात वर मॉर्डेन, मग प्रणोती मगदूम. खाली बाळगोंडा चौगुले.

मॅडम तर स्वतःच्या तोंडानं तात्पुरती म्हणाल्या होत्या. त्यानं त्यांचं नाव काढलं. मग खिशातून आपल्या नेमणुकीचा कागद काढला आणि दोनदा वाचला. त्याचे हात थांबले. डोळ्यांपुढं त्रिशला आली, मामा आले. फार वाईट वाटलं त्याला. पण सांगितलेलं सांगितलेलं. मॉर्डेननं विचारलं, "पुढे जायचं का?" त्यानं 'होय' दाबलं.

राहिलं एकच नाव. ते काही केल्या निघेना. फुकटात वापरणाऱ्याला मॉर्डेन आपलं नाव काढू देत नाही. बाळगोंडानं मनात हात जोडले. ह्या शेडात कायमचा म्हणावा असा एवढा एकच होता.

प्रदर्शनाला मामा फेटा बांधून आले, बरोबर त्रिशला. एका परीक्षकानं खेळ खेळून दाखवला. मेंढरं पार झाली, लांडगा नदीत पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर अक्षरं आली: 'घडवणारा: मॉर्डेन.' आणि खाली काहीच नाही.

परीक्षकांनी माना डोलावल्या. मॉर्डेनचा हात लागला की काम असंच होतं, म्हणाले. पहिलं बक्षीस मॉर्डेनला जाहीर झालं. घ्यायला कुणी आलं नाही, तेव्हा एक परीक्षक म्हणाले, मोठी माणसं समारंभ टाळतात. प्रणोतीबाई मटकन खाली बसल्या.

"तुजं नाव कुटं हाय रं?" मामांनी विचारलं.

"काडलं, मामा. मी तात्पुरता हाय."

"आन ह्यो मॉर्डेन कोन?"

"लई मोटं हाईत. जगातलं गाजल्यालं समदं खेळ त्यांचंच."

"आडनाव लावलं न्हाई."

"न्हाई लावत."

"व्यसन?"

"न्हाई. वीज तेवडी लागती."

"लगीन झालंय?"

बाळगोंडानं आठवून बघितलं. "तसं कदी ऐकलं न्हाई."

मामा शब्दाचे पक्के. देवासमोर दिलेला शब्द परत कसा घेणार? "मग रविवारी घेऊन ये त्यास्नी," ते म्हणाले. त्रिशलाचा चेहरा पार उतरला.

प्रणोतीबाई आठवडाभर संयोजकांकडं हेलपाटे घालत होत्या, खेळ आपला आहे हे पटवून द्यायला. शेडात विचारायला कुणी नव्हतं. रविवारी बाळगोंडानं कम्प्युटर टेंपोत घातला आणि मामांच्या घरी पुढच्या सोप्यात आणून खुर्चीवर मांडला. कुणाला नवल वाटलं नाही. शेजारच्या पोरीचं अमेरिकेतलं स्थळ असंच पडद्यावर बघितलं होतं. पडदा उजळला आणि 'मॉर्डेन' अशी मोठी अक्षरं आली.

"तोंड दाकवंनात," मामी म्हणाली.

"लाजत असतील," मामा म्हणाले.

त्रिशला पोहे घेऊन आली. मशीन बारीक घरघरत होतं. मामा फेटा सावरून पुढं सरकले. "पोरगी समोर हाय. पसंत हाय का, ते सांगावं."

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: 'पुढे जायचं का? होय. नाही.'

 त्रिशलानं बाळगोंडाकडं बघितलं. "तुमास्नी काय वाटतं?" तिनं हळूच विचारलं.

"वाटतं, 'नाही' दाबावं," बाळगोंडा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं वही काढली, पहिलं पान उघडलं आणि तिच्यापुढं धरलं. "पन हितं लिवलंय बग. विचार करत बसायचं न्हाई."

आणि त्यानं 'होय' दाबलं.

मामांनी साखर वाटायला सांगितली. घरचंच कार्य, म्हणून बाळगोंडाच उठून वाटायला लागला.