सगुणाबाईंनी रस्ता ओलांडला त्याची गोष्ट

फार पूर्वी नाही, अगदी परवापरवापर्यंत एक जंगल होतं. जंगलात एक तळं होतं, तळ्यापलीकडे नदीची वाळू होती आणि मधे काहीच नव्हतं. ज्याला जिकडे जायचं तो तिकडे जायचा. मग जंगलाला नगरपरिषद मिळाली. नगरपरिषदेने मधल्या मोकळ्या जागेत रस्ता केला आणि रस्ता झालाच आहे म्हणून सगळ्यांनी गाड्या घेतल्या. दोन उड्यांत बाजार गाठणारा ससा आता अर्धा तास गाडीत बसून हॉर्न वाजवू लागला. याला विकास म्हणतात, असं चौकातल्या फलकावर लिहिलं होतं.

पुढे गाड्या उभ्या करायला जागा पुरेना. नगरपरिषदेने पाटी लावली: सम तारखेला डावीकडे, विषम तारखेला उजवीकडे. पण तारीख रोज बदलते, गाडी रोज कोण हलवणार? प्राण्यांनी दोन्ही बाजू भरून टाकल्या. त्यातूनच दगड ठेवून जागा धरायची रीत पडली. दगड दिसला की समजायचं, इथे कुणाची तरी गाडी येणार आहे. दगड जेवढा मोठा, तेवढा मालक मोठा. पिल्लांना शाळेत सोडताना चार नियम मोडणारं रानडुक्करसुद्धा दुसऱ्याच्या दगडाला कधी हात लावत नसे.

तळ्याकाठी सगुणाबाई कासव राहत होत्या. रस्त्यावर डांबर पडायच्या आधी त्यांनी पलीकडच्या वाळूत नऊ अंडी पुरून ठेवली होती. ती फुटायला आता जेमतेम आठवडा उरला होता, आणि वाळूत घोरपड हिंडतेय असं टिटवीने सांगितल्यापासून सगुणाबाईंना अन्न गोड लागत नव्हतं. जन्मात कधी घाई न केलेल्या त्या बाईंचा जीव नुसता वरखाली होत होता. पण दोन पावलं टाकली की जीप अंगावर यायची.

सुदैवाने तेव्हा रस्ता सुरक्षा सप्ताह चालू होता. त्याचा मांडव अर्थातच भर रस्त्यात घातला होता. नगराध्यक्ष भाऊसाहेब गेंडे भाषणाला उभे होते. सगुणाबाई कशाबशा व्यासपीठापाशी पोचल्या.

"भाऊसाहेब, मला फक्त पलीकडं जायचंय हो. माझी अंडी आहेत तिकडं."

भाऊसाहेबांनी माइकवरूनच उत्तर दिलं. "माताभगिनींनो! पलीकडे जाणं हा प्रत्येकाचा हक्क आहे! म्हणूनच आम्ही पलीकडचं सुशोभीकरण हाती घेतलंय! लावायची का या शहराला शिस्त?"

"लावायची!" गर्दी ओरडली.

"कुणाला लावायची?"

"दुसऱ्याला!"

त्याच दिवशी रस्त्यावर पांढरे पट्टे मारले गेले. त्यांच्या उद्घाटनाला अकरा पाहुणे आले आणि त्यांच्या अकरा गाड्या त्याच पट्ट्यांवर लागल्या. वाहतुकीचा हवालदार म्हणजे बगळा. त्याला गणवेश शिवावा लागला नव्हता. तो एका पायावर उभा राहून म्हणाला, "मावशी, पट्ट्यांवरूनच जायचं बरं का. नाहीतर पावती फाडीन."

"पट्टे गाड्यांखाली आहेत ना रे बाबा."

"मग गाड्या निघेपर्यंत थांबा."

"कधी निघतील?"

"सप्ताह संपला की."

सगुणाबाईंना रडू कोसळलं. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत बसून, कुणी बघू नये म्हणून त्यांनी डोकं आत घेतलं, पाय आत घेतले. तेवढ्यात ठेकेदार कोल्ह्याची जीप फटीत शिरायला आली आणि करकचून थांबली.

"हवालदार, हा दगड कुणाचा?"

बगळ्याने मान वाकडी करून पाहिलं. "एवढा मोठा आणि गुळगुळीत म्हणजे भाऊसाहेबांचाच असणार."

"अरे बाप रे!" म्हणत कोल्ह्याने जीप अशी मागे घेतली की मागच्या तीन गाड्या चेपल्या.

आत सगुणाबाईंचं रडू थांबलं. रस्ता झाल्यापासून त्यांच्यासाठी कुणी ब्रेक दाबला नव्हता. त्या हळूच वीतभर पुढे सरकल्या. गाड्या त्यांना वळसा घालून जाऊ लागल्या. त्या आणखी वीतभर सरकल्या.

दोन दिवसांनी दगड रस्त्याच्या मधोमध होता.

"हा काल कडेला होता ना?" रानडुकराने विचारलं.

"साहेबांचा दगड आहे. कुठंही असू शकतो," बगळा म्हणाला.

"म्हणजे आता साहेब गाडी भर रस्त्यात लावणार?"

"मग आजवर कुठं लावत होते?"

बातमी भाऊसाहेबांच्या कानावर गेली आणि ते जातीने आले. सगुणाबाईंनी डोकं आणखी आत ओढलं, कारण स्वतःचा दगड कोणता हे निदान त्यांना तरी माहीत असणार. भाऊसाहेबांनी दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग चेहरा पाडून म्हणाले, "हा आपला नाही."

बगळ्याने दुसरा पायही खाली टेकवला.

"आपला नाही, म्हणजे वरून आलाय," भाऊसाहेब म्हणाले. वर, म्हणजे राजधानीत, वाघसाहेब असत. "आणि आपण सत्काराचं काहीच केलं नाही!"

ताबडतोब दगडाला शाल पांघरली गेली, वर नारळ ठेवला गेला आणि शेजारी 'आपले सहर्ष स्वागत' असा फलक लागला. फलकावर भाऊसाहेबांचे चार फोटो होते. दगडाला जागा उरली नव्हती.

नारळ सांभाळत सरकणं फार जिकिरीचं होतं. पण सहाव्या दिवशी सगुणाबाई शालीसकट वाळूत पोचल्या. समोर घोरपड उकरत बसली होती. तिने मागे वळून पाहिलं, शाल पाहिली, नारळ पाहिला आणि उकरलेली वाळू घाईघाईने परत लोटली.

"माफी असावी. जागा धरलेली आहे हे माहीत नव्हतं," म्हणून तिने जी धूम ठोकली, ती पुन्हा फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ अंडी फुटली. सगुणाबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि पोटभर रडून घेतलं. या वेळी कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती. पिल्लं मात्र तळ्याचा वास घेत थेट रस्त्याकडे निघाली.

"थांबा रे बाळांनो!" सगुणाबाई ओरडल्या. "आधी डोकं आत, पाय आत. आणि आपण नागरिक आहोत हे तेवढं कुणाला कळू देऊ नका."

नऊ छोटे दगड रांगेने रस्ता ओलांडून गेले. वाघसाहेबांच्या घरचे समजून बगळ्याने प्रत्येकाला वेगळा सलाम ठोकला.

वर्षअखेर नगरपरिषदेचा अहवाल निघाला. वर्षभरात शहरात एकाही पादचाऱ्याला अपघात झाला नव्हता, म्हणून भाऊसाहेबांना राजधानीत पुरस्कार मिळाला. अहवालात काहीही खोटं नव्हतं. सगुणाबाईंचं पाहून साळिंदर, मुंगूस, खवल्या मांजर सगळेच अंग चोरून दगड व्हायला शिकले होते, त्यामुळे शहरात पादचारी असे उरलेच नव्हते. डोकं बाहेर काढायची वेळ त्यांच्यावर पाच वर्षांतून एकदाच येई, तीही बोटाला शाई लावून घेण्यापुरती.