रेव्हरंड भांबळांचा पाचदा वाचलेला कोश

जुन्या काळी नगरला बायबलच्या मराठी भाषांतराची बैठक भरली होती. देवाच्या अढळ प्रेमासाठी येणाऱ्या 'हेसेद' या हिब्रू शब्दाला शिक्षिका सगुणाबाई पाथरे यांनी 'माया' लिहिलं. अध्यक्ष रेव्हरंड भांबळ खवळले. त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

"माया खोडा! विलायतेहून आणलेला हा हिब्रू कोश मी पाचदा वाचलाय. त्यात असला अर्थ नाही!"

सगुणाबाईंनी तो जाडजूड कोश पुढे ओढला, 'हेसेद'पर्यंत आल्या आणि थांबल्या.

"रेव्हरंडसाहेब, जरा सुरी देता?"

"सुरी कशाला?"

"छापखान्यातून पानं कडेला जोडलेलीच येतात ना, ती कापायला. तुम्ही हे पान न उघडता पाचदा वाचलंत. मला बाई उघडूनच वाचावं लागतं."

लाल पेन्सिल खिशात गेली.