येसूची गोधडी आणि कातरणपरी

ही गोष्ट आटपाट नगरातली नाही. तिथे राजे राहतात, आणि राजांना कधी थंडी वाजत नाही. ही गोष्ट धुकेवाडीची. उंच निळ्या डोंगराच्या पायथ्याशी वीस-पंचवीस घरांची ही वाडी होती, आणि पौष महिना लागला की तिथलं धुकंसुद्धा कुडकुडत घराघरांत शिरायचं.

वाडीच्या अगदी टोकाला, कुडाच्या झोपडीत येसू राहायची. नऊ वर्षांची, दोन वेण्यांची, सडपातळ पोर. तिला बाबा नव्हते. आई होती, हौसाबाई. ती दिवसभर लोकांकडे धान्य पाखडायला जायची. आणि दोन महिन्यांची एक सानुली बहीण होती, बनी. बनीचं नाक इवलंसं, मूठ इवलीशी, आणि गुलाबी पावलांना दहा इवलाली बोटं. येसू ती बोटं रोज सकाळी मोजायची, जणू काही रात्रीतून एखादं हरवणारच होतं.

त्या दिवशी तिनं बोटं मोजायला बनीचे पाय हातात घेतले आणि ती मोजायचं विसरली. पाय गार पडले होते. घरात गोधडी एकच, आणि तिला एवढी भोकं पडली होती की पांघरली काय नि न पांघरली काय, सारखंच. आईनं बनीला छातीशी धरून तिचे तळवे चोळले. वैद्यबुवा आले, त्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं की लेकराला औषध नको, ऊब हवी. आज सगळ्यात कडक थंडी पडणार, तेव्हा सूर्य मावळायच्या आत हिला जाड पांघरुणात गुंडाळा. एवढं सांगून ते आपली शाल सावरत निघून गेले. जाड पांघरूण आणायचं कुठून, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

येसू घाबरली. पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतली ती नव्हती. ती तशीच धावत सुटली ती बोरीबनाच्या पलीकडच्या बाजारपेठेत, दामूकाका शिंप्यांच्या दुकानात. यंत्राखाली पडलेल्या चिंध्या घेऊ का, असं तिनं विचारलं. दामूकाका चष्म्यावरून बघत म्हणाले की दुकान झाडून दे आणि सगळ्या घेऊन जा, पण त्यात बाहुलीचा परकरसुद्धा व्हायचा नाही. येसूनं कानाकोपरा लख्ख झाडला आणि चिंध्यांचं गाठोडं बांधलं. त्यात काय नव्हतं? चाफ्यासारखी पिवळी, डाळिंबी लाल, पोपटी, आभाळी, जांभळी. कुणाच्या बाहीची चंद्रकोर, कुणाच्या कॉलरचं टोक, कुणाच्या झग्याची झालर. सगळ्यांत सुंदर होता एक मोरपंखी तुकडा, जरीच्या बारीक ठिपक्यांचा. तो गोधडीच्या मधोमध लावायचा, हे येसूनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

परत येताना बोरीबनात तिला कुणीतरी मुसमुसताना ऐकू आलं. आवाज एवढासा होता की आधी तिला वाटलं, चिमणीचं पिल्लू असेल. तिनं वाकून पाहिलं. बोरीच्या काट्यांत एक वीतभर उंचीची परी अडकली होती. तिचा झगा किती रंगांचा होता ते सांगता येणार नाही, कारण इंद्रधनुष्य बेतल्यावर जी कातरणं उरतात त्यांचाच तो शिवला होता. केसांत चांदणचुरा चमकत होता. आणि डावा पंख मात्र वरपासून खालपर्यंत टरकन फाटला होता.

येसूनं एकेक काटा हलक्या हातानं बाजूला केला आणि परीला ओंजळीत घेतलं. परीच्या कमरेला सोनेरी सुई होती. ती रडव्या आवाजात म्हणाली, "सुई आहे गं माझ्याकडे. पण आपल्याच पाठीला टाके कसे घालायचे?"

हे खरंच होतं. येसूनं गाठोडं सोडलं. पिवळी चिंधी पंखावर धरली, ती जाड झाली. आभाळी धरली, ती खरबरीत निघाली. परीच्या पंखासारखा मऊ नि झुळझुळीत तुकडा गाठोड्यात एकच होता. येसूनं तो मोरपंखी तुकडा हातात घेतला. एकदा बनीची आठवण आली, एकदा परीकडे पाहिलं. जीव थोडा तुटला, कशाला खोटं बोला. पण मग तिनं तो पंखाला लावला आणि बारीक बारीक टाके घालत शिवून टाकला.

परीनं पंख हलवला. फुर्रकन ती बोरीच्या शेंड्यावर गेली, तिथून एक गिरकी घेऊन खाली आली, आणि तिच्याबरोबर सगळ्या बनात रंगांचे ठिपके भिरभिरले. "मी कातरणपरी," ती म्हणाली. "जगात जे जे उरतं, त्याची काळजी मी घेते. माग, तुला काय हवं ते. फक्त तुझी इच्छा माझ्या या सुईच्या नेढ्यातून जायला हवी."

नेढं म्हणजे सुईला दोरा ओवायचं भोक. ते केवढं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. येसू म्हणाली की मला मखमलीची, गुबगुबीत, नवीकोरी रजई दे. तिचे शब्द रंगीत बुडबुड्यासारखे सुईपाशी गेले आणि नेढ्यात असे अडकले की परीला हातानं ओढून काढावे लागले. मग येसूनं दगडी भिंतींचं, जाड दारांचं घर मागितलं. ते तर नेढ्याच्या जवळपासही गेलं नाही. येसू हिरमुसली. आता एवढंसं असं काय मागावं? तिला आपली सकाळ आठवली आणि ती अगदी हळू बोलली, "परीताई, बनीचे पाय गरम राहू देत."

तो चिमुकला बुडबुडा सुळकन नेढ्यातून पलीकडे गेला. पलीकडे तो उन्हाचा दोरा होऊन बाहेर पडला, लांबच लांब, केशरी, झगमगता.

"झालं तर," परीनं सुई येसूच्या हातात ठेवली. "पण ऊब तुझ्याच हातून शिवली जाईल, आणि तिचे तीन नियम आहेत. कोणत्याही तुकड्याला कात्री लावायची नाही. सूर्य डोंगरामागे जायच्या आत शेवटची गाठ मारायची. आणि गाठोड्यातली एकही चिंधी उरता कामा नये. एक जरी उरली, तरी दोरा सुटेल."

येसू घरी आली ती जवळजवळ उडतच. आईनं आपलं जुनं लुगडं अंगणात अंथरलं, त्यावर भोकाभोकांची गोधडी पसरली, आणि येसू वर चिंध्या मांडू लागली. एवढ्यात शेजारच्या भागाआत्या आल्या. वाडीतली प्रत्येक गोधडी आत्यांच्या सल्ल्यानं शिवली जायची. सल्ला विचारला नाही तरी त्या द्यायच्याच. त्यांनी पदर खोचला, फतकल मारली आणि येसूला दाखवलं की कडेपासून सुरुवात करायची, धावदोरा घालत गोल गोल आत यायचं, आणि अगदी मध्ये येऊन संपवायचं.

सुई भरभर पळू लागली. ती बोटाला कधी टोचायची नाही. कापायचं नव्हतं, तेव्हा वेड्यावाकड्या तुकड्यांची जागा शोधावी लागे. बाहीच्या चार चंद्रकोरी एकमेकींना टेकल्या आणि त्यांचा पूर्णचंद्र झाला. कॉलरची टोकं ओळीनं बसली आणि डोंगर झाले. झालरीची नदी झाली. नखाएवढे तुकडे होते, ते येसूनं जुन्या गोधडीच्या भोकांत भरले आणि तिथे गोधडी चांगली गुबगुबीत झाली. आई बनीला मांडीवर घेऊन बघत होती, आणि कितीतरी दिवसांनी हसत होती.

शेवटी हातात एक तुकडा आला. काळा कुळकुळीत, जाडजूड, लोकरीचा. कुणाच्या तरी कोटाचा असावा. येसू तो लावणार, तोच आत्यांनी तिचा हात धरला.

"येसू, ठेव तो बाजूला. तान्ह्या लेकराच्या पांघरुणात काळं घालत नाय. माझ्या आईनं घातलं नाय, आजीनं घातलं नाय."

येसूनं नियम सांगितला. आत्या म्हणाल्या की परीला आमच्या वाडीतलं काय कळतंय, एवढ्याश्या चिंधीनं काही होत नाही. आत्यांपुढे आजवर कुणाचं चाललं नव्हतं. येसूनं तो तुकडा उंबऱ्यावर ठेवला, राहिलेले टाके घातले आणि मधोमध येऊन गाठ मारली.

गाठ बसली नाही. तिनं पुन्हा मारली, ती पुन्हा निसटली. मग मधला टाका आपोआप सुटला, त्याच्या शेजारचा सुटला, आणि केशरी दोरा सरसर मागे सरकू लागला. पूर्णचंद्राच्या चार चंद्रकोरी सुट्या झाल्या. येसूनं दोन्ही हातांनी गोधडी दाबून धरली, पण टाके काही थांबेनात. सूर्य डोंगराच्या माथ्याला टेकायला आला होता. अंगणात गार वारा शिरला आणि आईच्या मांडीवर बनी बारीक आवाजात रडायला लागली.

"आत्या, तो तुकडा लावू दे," येसू म्हणाली. आत्यांची मान हलली नाही. त्या काही दुष्ट नव्हत्या. बनीचं वाईट होईल या भीतीनं त्यांचाच चेहरा उतरला होता.

येसूला रडू फुटलं. तिनं बनीकडे पाहिलं. बनीच्या गोबऱ्या गालावर काजळाची गोल गोल तीट होती, आईनं सकाळी लावलेली. येसू बघतच राहिली. मग तिनं डोळे पुसले.

"आत्या, बनीच्या गालावर काय आहे?"

"तीट हाय. लेकराला कुणाची नजर लागू नये म्हणून लावत्यात."

"ती काळीच आहे ना? मग माझी गोधडी एवढी सुंदर झालीय, तिला नको का तीट?"

आत्यांनी गोधडीकडे पाहिलं, बनीकडे पाहिलं. साठ वर्षांत त्यांनी शंभर गोधड्या शिवल्या असतील, हजार तिटा लावल्या असतील, पण हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि उंबऱ्यावरचा काळा तुकडा स्वतः घेऊन आल्या. कापायचा नव्हता, म्हणून त्यांनी त्याची टोकं आत दुमडून त्याची छान गोल टिकली केली आणि येसूच्या हातात दिली.

"लाव पोरी. लवकर लाव, सूर्य चालला."

येसूनं ती टिकली मधोमध ठेवली, जिथं मोरपंखी तुकडा लावायचं तिनं ठरवलं होतं. सुई वाऱ्यासारखी पळाली. सुटलेले टाके परत बसले, चंद्रकोरी परत जोडल्या गेल्या. सूर्याची फक्त एक लाल कड उरली होती, तेव्हा येसूनं गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला. गाठ पक्की बसली. त्या गाठीपासून एक केशरी उजेड निघाला आणि धावदोऱ्याच्या वाटेनं गोल गोल फिरत गोधडीच्या चारही कडांपर्यंत गेला. आत्यांनी हात लावून पाहिला. गोधडी दुपारच्या उन्हात वाळल्यासारखी ऊबदार होती.

आईनं त्या गोधडीत बनीला गुंडाळलं. थोड्या वेळानं तिनं आत हात घालून पाय चाचपले, आणि मग तिला जे रडू आलं ते आनंदाचं होतं. येसूनंही हात घातला. तिनं सगळी बोटं मोजली. दहाच्या दहा गरम होती.

दुसऱ्या दिवशी धुकेवाडीच्या शेतांवर पांढरंशुभ्र दंव गोठलं होतं. माणसं शेकोटीला चिकटून बसली होती, वैद्यबुवांनी शालीवर शाल घेतली होती, आणि भागाआत्या दात वाजवत येसूच्या दारात आल्या होत्या, कारण बनीला पाहिल्याशिवाय त्यांना चहा जाईना. कुडाच्या फटीतून सूर्याचा पहिला किरण आत आला आणि त्या किरणावरून घसरत कातरणपरी आली. ती बनीच्या उशाशी अलगद उतरली.

तेवढ्यात बनी जागी झाली. तिनं हात ताणले, जांभई दिली, आणि आपले गुलाबी पाय उचलून अशी काही लाथ मारली की ती देखणी गोधडी उडून थेट भागाआत्यांच्या मांडीवर पडली. एवढ्या कडाक्याच्या थंडीत बनीच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते. तिला चक्क उकडत होतं.

येसू हसली, आई हसली, आणि आत्या तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कातरणपरीनं येसूच्या केसांवरून हात फिरवला. मग तिचा झगा उजळला, लाल, पिवळा, हिरवा, जांभळा. सगळी झोपडी त्या रंगांनी भरून गेली, आणि रंग विरले तेव्हा परी तिथं नव्हती. बनी मात्र उघड्यावर पाय नाचवत खुशाल खिदळत होती.