नीलपंखाच्या पिसांचा भाव

माणसांनी बाजार मांडायच्या आधीची गोष्ट. उंबराच्या शेंड्यावर बसून साळुंकी रोज सकाळी नीलपंखाच्या निळ्या पिसांचा भाव ओरडायची. वापरलेल्या पिसांना कुणी विचारत नसे. म्हणून ज्याच्याकडे पिसं असत तो ती पानात गुंडाळून ठेवी आणि भाव वाढायची वाट बघत बसे.

एका खारीने हिवाळ्यासाठी साठवलेल्या शेंगा देऊन पिसांची एक जुडी घेतली. पिल्लांसाठी एवढी एक शेंग तिने मागे ठेवली. तेव्हापासून तिला चैन पडेना. भाव चढला की वाटे, उद्या आणखी चढेल. उतरला की ती जुडीतली पिसं पुन्हा पुन्हा मोजत बसे. थंडी पडली तशी पिल्लं कुडकुडत म्हणाली, "आई, ती पिसं अंगाखाली घाल ना."

"हात लावू नका," खार म्हणाली. "भाव जाईल."

मग नीलपंखांची पिसं झडायची वेळ आली. रानभर निळी पिसं पडली आणि साळुंकी गप्प झाली. खार धावत एका नीलपंखाकडे गेली. "पिसं का टाकलीस? मी पार बुडाले."

"दर वर्षीच टाकतो," तो म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही."

खारीने घरी येऊन पान सोडलं, पिसं अंथरली. पिल्लं पहिल्यांदाच गाढ झोपली. तेवढ्यात उंबरावरून साळुंकी साळिंदराच्या काट्यांचा भाव ओरडू लागली. खारीने कान टवकारले. कोपऱ्यातली ती शेवटची शेंग तिने तोंडात धरली आणि ती बाहेर पळाली.