पर्वताने केलेली दोन गाड्यांची पारख

तापीकाठच्या एका गावात एक भोळा जावई होता. नाव पर्वत. शरीराने तो नावाला जागला होता, बुद्धी मात्र सपाट मुलखातली होती. त्याला कामचुकार म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, कारण सांगितलेले काम त्याने जन्मात टाळले नाही. सांगितले तसे, सांगितले तितके आणि सांगितले त्याच शब्दांत तो करी. अडचण एवढीच होती की, एकदा शिकवलेले तो विसरत नसे.

त्याची बायको चंद्रकला आरोग्यसेविका होती. पाच गावे तिच्याकडे. मांडीवर लसींचा डबा घेऊन, काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीवर अर्धी आत आणि अर्धी बाहेर बसून ती रोज हिंडे. गाडी चालवायला ती केव्हाच शिकली होती. पर्समध्ये परवाना होता, दारात गाडी नव्हती.

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला वाण द्यावे लागते. चंद्रकलेचे वडील उखर्डू पाटील केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी लेकजावयाला जेवायला बोलावले आणि पुरणपोळीवर तूप वाढता वाढता जाहीर केले, "यंदा जावईबापूंना मोटार!"

चंद्रकलेच्या हातातला घास हातातच राहिला.

"पण एक सांगून ठेवतो," पाटील पुढे म्हणाले. "मोटार घेणं सोपं, पोसणं अवघड. पेट्रोलची स्वस्तात येते आणि रोज खाते. विजेची महाग येते आणि बेताचं खाते. वर्षानुवर्षं पोसायला कोणती परवडेल, ते जावईबापूंनी आठवडाभर पारखून सांगावं. माझी पेट्रोलची घेऊन जा. विजेची आपला हर्षल शोरूममधून देईल चालवून बघायला. पारख जमली तर मोटार. नाही जमली तर चांदीचं निरांजन, अनारशांची दुरडी, आणि रामराम."

हर्षल हा चंद्रकलेचा मावसभाऊ. तालुक्याच्या शोरूममध्ये गाड्या विकत असे.

"बाबा, पारख मी करते," चंद्रकला म्हणाली. "चालवणार मीच आहे ना?"

"वाण जावयाला असतं, पोरी. लेकीला नसतं. शास्त्र आहे."

शास्त्रापुढे चंद्रकलेचे काही चालेना. तिने नवऱ्याकडे पाहिले. नवरा अनारशांकडे पाहत होता.

निघताना सासऱ्यांनी जावयाला बजावले, "दोघींना सारखंच वागवा हं. एकीला द्याल ते दुसरीलाही द्या. तरच पारख खरी होते."

"हो, मामा," पर्वत म्हणाला आणि त्याने ते मनात गाठ मारून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या अंगणात आल्या. पर्वताने पेट्रोलची गाडी पंपावर नेली आणि थोडे पेट्रोल भरून आणली. मग विजेची नेली. पंपावरचा माणूस गाडीभोवती फिरला, वाकला, पुन्हा फिरला.

"दादा, हिला टाकीच नाही."

"ती तिची अडचण. मला दोघींना सारखंच द्यायचंय."

पंपवाल्याने कपाळावर हात मारला. पर्वताने गाडीतला पत्र्याचा डबा पुढे केला, तो भरून घेतला आणि मागच्या आसनावर बसवला. सांडू नये म्हणून त्याला पट्टाही लावला. घरी आल्यावर चंद्रकलेने दार उघडले, तर पेट्रोलच्या वासाने तिला ठसकाच लागला.

"अहो, हे काय आणलंत?"

"तिचा वाटा."

"विजेच्या गाडीला पेट्रोल नको असतं हो! गाडीला संध्याकाळी अंगणात उभं करायचं, तार जोडायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी तिचं पोट भरलेलं असतं."

"असं आधी सांगायचं!" पर्वत म्हणाला आणि त्याने ते मनात गाठ मारून ठेवले.

दोन दिवसांनी पेट्रोलच्या गाडीचे पेट्रोल संपत आले. पर्वताला उपाय ठाऊक होता. त्याने गाडी अंगणात उभी केली. तार खोचायला कुठे भोक सापडेना, म्हणून तिचा वेढा आरशाला घातला आणि गाठ मारली. सकाळपर्यंत हात लावला नाही.

सकाळी चंद्रकला त्याच गाडीने लसीकरणाला निघाली. केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर गाडीने आचका दिला आणि ती थांबली. लसींचा डबा डोक्यावर घेऊन बाई पुढच्या गावापर्यंत चालत गेल्या. परतताना केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून, मागे बंद गाडी बांधून आल्या, त्या बोलतच आल्या.

"पेट्रोल नव्हतं गाडीत!"

"रात्रभर तार लावली होती की."

"पेट्रोलच्या गाडीला?"

"गाडीला, असंच म्हणालीस तू. कोणत्या, ते कुठं म्हणालीस?"

चंद्रकलेने डोळे मिटले, मनात रामनाम घेतले आणि डोळे उघडले. "नीट ऐका. गाडीत समोर काटा असतो. काटा खाली पडला की हातातलं सगळं सोडायचं आणि आधी पंप गाठायचा. कळलं?"

"असं आधी सांगायचं!"

पुढच्या दिवशी पर्वताच्या आईला भाचीच्या बाळाच्या बारशाला जायचे होते. म्हातारी इरकली लुगडे नेसून, ओटीचे सामान घेऊन पेट्रोलच्या गाडीत बसली. पर्वताने डब्यातले पेट्रोल ओतून गाडी चालू केली, वाटेत टाकी भरली आणि गाडी भरधाव सोडली. पुढे रेल्वेचे फाटक लागले. गाडी थांबली. थांबताच वेगाचा काटा सरसर खाली आला आणि शून्यावर निजला.

पर्वताने गाडी वळवली आणि पंप गाठला. पंपावर एक थेंब बसला, तेवढा भरला. पुन्हा निघाले. फाटक उघडले होते, पण पलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी थांबली. काटा पडला.

"अरे पर्वता, कुठं चाललास परत?"

"पंपावर."

"आत्ताच तर जाऊन आलो!"

"आई, काटा पडला. मी काय करू?"

तिसऱ्यांदा पंपवाल्याने नळी लावली आणि पेट्रोल ओसंडून त्याच्या चपलेवर आले. तो ओरडला, "भाऊ, टाकी गळ्याशी आलीय! तो काटा वेगाचा आहे, पेट्रोलचा नव्हे!"

"मला एकाच काट्याचं सांगितलंय," पर्वत म्हणाला.

बारशाहून परतणारे पाहुणे पंपावरच भेटले. त्यांनी म्हातारीच्या हातावर पेढा ठेवला. म्हातारीने तो खाल्ला आणि घरापर्यंत लेकाशी एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी हर्षल विचारपूस करायला आला. पेट्रोलची गाडी पंपावर जाण्यासाठीच सर्वांत जास्त पेट्रोल पिते, असा निष्कर्ष पर्वताने त्याला गंभीरपणे सांगितला. हर्षल हसून हसून ओसरीवर लोळला.

"दाजी, सोपं करून सांगतो. पेट्रोलची पळाली की पैसे जातात. विजेची पळाली की पैसे वाचतात. हिला जितकी जास्त पळवाल, तितके जास्त वाचतील. बस्स, हिशेब संपला."

"असं आधी सांगायचं!" पर्वत म्हणाला. या खेपेस त्याने मनात दुहेरी गाठ मारली, कारण प्रश्न पैशाचा होता.

सकाळी चहा होताच त्याने विजेची गाडी काढली आणि मारुतीच्या देवळाभोवती फिरवायला सुरुवात केली. कुठे जायचे नव्हते. नुसते वाचवायचे होते. अधिकाचा महिना असल्यामुळे देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या बायांची गर्दी होती. त्यांना वाटले, पर्वत मोठा भाविक. गुडघेदुखीने बेजार झालेल्या दोन म्हाताऱ्यांनी हात केला.

"बाबा, आमच्याबी प्रदक्षिणा होऊन जातील का रे?"

"बसा की. जितकं फिराल तितकं वाचेल."

"पुण्य कधी वाचत नसतं, बाबा. साठतं," एक म्हातारी म्हणाली आणि थंड हवेच्या झोताखाली पदर पसरून बसली. सकाळभर त्या तिघांनी मिळून इतके पुण्य आणि इतकी बचत केली की, दुपारी गाडी मारुतीच्या समोरच निश्चल झाली. देवही हलेना आणि गाडीही हलेना.

शेवटी बैलजोडी जुंपून गाडी घराकडे निघाली. म्हाताऱ्या उतरायला तयार नव्हत्या. बैल पुढे, गाडी मागे, आत दोन म्हाताऱ्या नामस्मरण करीत आहेत आणि पर्वत चाक धरून बसला आहे, अशी ती मिरवणूक अंगणात शिरली, तेव्हा ओसरीवर उखर्डू पाटील निकाल ऐकायला येऊन बसले होते.

पाटलांच्या कपाळाची शीर उडू लागली. पण महिना अधिकाचा, समोर नारायण. शिवी गिळून ते म्हणाले, "जावईबापू, हे काय चाललंय म्हणायचं?"

"पैसे वाचवतोय, मामा."

"आणि बैल?"

"तेच विचारणार होतो. बैलांची पेंड विजेच्या गाडीच्या खर्चात धरायची का?"

पाटील उठले. पायांत जोडे घालता घालता म्हणाले, "चंद्रकले, सोनाराला सांगून ठेवतो. निरांजन जरा जड करायला लावतो."

चंद्रकलेच्या डोळ्यांपुढे काळीपिवळीची ती मागची फळी उभी राहिली. ती बापाच्या आडवी आली.

"बाबा, यांची पारख राहू द्या, माझं ऐका. मी रोज पाच गावं हिंडते. संध्याकाळनंतर गाडी अंगणातच उभी राहणार, म्हणजे तार जोडायला रात्र मोकळी. जी रोज एवढी धावणार, तिच्यासाठी घेताना जास्त गेलेले पैसे काही वर्षांत रस्त्यावरच वसूल होतात. तेल बदला, फिल्टर बदला, ती कटकटही थोडी. वर्षातून चार लग्नांना जायचं असतं, तर मीच म्हणाले असते पेट्रोलची द्या. गाडी कोणती स्वस्त, हे गाडीला विचारून नाही कळत, ती कुठं जाणार ते विचारावं लागतं."

पाटील थांबले. केळीचा भाव ठरवताना ते जसे आभाळाकडे पाहत, तसे त्यांनी पाहिले. खोट काढायला जागा दिसेना.

"बोलतेस तर बरोबर. पण पारख जावयाची हवी. जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

"ती म्हणते तेच," पर्वत म्हणाला.

आठवड्यातले त्याचे हे पहिले बरोबर उत्तर होते. पाटलांनी जोडे काढले.

मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा ठरला. शोरूममध्ये पांढरी शुभ्र विजेची गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. पाटलांनी रक्कम भरली. भरताना त्यांना झालेले दुःख मोठे होते आणि ते वाटून घ्यायला जवळ जावई होता.

"जावईबापू, वीज, टायर, विमा हे सगळे बारके खर्च. खरा खर्च निराळाच. नवी मोटार या शोरूमच्या दारातून बाहेर पडली रे पडली की, तिथल्या तिथं तिची किंमत उतरते. एकदम! आपण नुसतं बघत राहायचं."

"या दारातून?" पर्वताने विचारले.

"याच दारातून," पाटील सुस्कारा टाकून म्हणाले.

पर्वताला वाईट वाटले. सासऱ्यांनी एवढे दिले, आणि आपण एवढेसेही वाचवू नये? त्याने दाराकडे एकदा नीट पाहिले, मग इकडे तिकडे पाहिले, आणि ते मनात गाठ मारून ठेवले.

नारळ फुटला. किल्ली वाण म्हणून जावयाच्या हातात पडली. शास्त्रच ते, पहिल्यांदा जावयानेच गाडी बाहेर काढायची आणि मग बायकोच्या हाती द्यायची. चंद्रकला औक्षणाचे तबक घेऊन दाराबाहेर पायरीवर उभी राहिली. पाटील तिच्या शेजारी होते. हर्षल फोटो काढायला सरसावला. दाराची दोन्ही कवाडे सताड उघडी होती.

विजेची गाडी आवाज करीत नाही. त्यामुळे ती वळली, हे कोणालाच कळले नाही. कळले ते एकदम, आणि तेही बाजूने. दाराच्या डाव्या अंगाला असलेली जमिनीपासून छतापर्यंतची काचेची भिंत खळ्ळकन कोसळली आणि तिच्यातून झेंडूच्या माळांसकट गाडी बाहेर येऊन कुंपणाच्या खांबाला टेकली. पुढचे तोंड चेपून आत गेले होते. एक दिवा लोंबत होता.

चंद्रकलेच्या तबकातले निरांजन विझले.

पर्वत धडधाकट उतरला. अंगावरची काच झटकून तो हसतमुखाने सासऱ्यांकडे आला.

"मामा, दारातून नाही काढली. एक पैसाही उतरू दिला नाही."

शोरूमचा मॅनेजर धावत आला, गाडीभोवती फिरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "आता ही दोन महिने तरी चालायची नाही. दुरुस्तीला परत आत घ्यावी लागेल."

चंद्रकला पायरीवर मटकन बसली. पर्वत मात्र आनंदला. सासऱ्यांच्या कानाशी वाकून, मॅनेजरला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला,

"मामा, आत नेताना दारातूनच न्यायला सांगा. किंमत चढेल."